यांची छाट कोण काढतंय? डिस्टोपियन पिक्चर सोप्या भाषेत

माझी आज्जी निपाणीत बिड्या वळायची, लग्न होऊन आली तेव्हापासून ते बोटं वाकडी होईपर्यंत. दोनेक वर्षांमागं ती बेळगावला आमच्याकडं राहायला होती, तेव्हा एका रात्री मी लॅपटॉपवर मेट्रोपोलिस बघत बसलो होतो. फ्रिट्झ लांगचा १९२७ चा जर्मन पिक्चर, मूकपट आहे त्यामुळं कुठली भाषा यायची गरजच नाही, आज्जी येऊन शेजारी टेकली आणि बघायला लागली. सुरुवातीलाच पाळी बदलायचा सीन आहे. एका बाजूनं कामावर जाणारी माणसं, दुसऱ्या बाजूनं सुटलेली, सगळ्यांचे कपडे एकसारखे, माना खाली, आणि सुटलेली पाळी जाणाऱ्या पाळीच्या निम्म्या चालीनं पाय ओढत चाललेली. मी हा सीन कितीतरी वेळा बघितला होता. आज्जीनं एकदाच बघितला आणि म्हणाली, "यांची छाट कोण काढतंय रे?"

ज्यांच्या घरात बिडीचं काम नव्हतं त्यांच्यासाठी सांगतो. दिवसभर वळलेल्या बिड्या जमा करायला गेलं की तपासणारा माणूस बंडल हातात घेऊन बघतो आणि ही वाकडी, ही सैल, असं म्हणून काही बिड्या बाजूला काढतो. ती छाट. छाटीचे पैसे मिळत नाहीत. पण आज्जीच्या वेळी त्या काढलेल्या बिड्या परतही मिळायच्या नाहीत, त्या तिथंच राहायच्या आणि पुढं विकल्या जायच्या, म्हणजे पानं कापली, तंबाखू भरली, दोरा बांधला, सगळं बाईनं केलं आणि बिडी फुकट गेली. हा प्रकार इतका रुळलेला होता की १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्यात नाकारलेल्या बिड्या आणि त्यांची मजुरी यावरून होणाऱ्या तंट्यांसाठी वेगळी तरतूद करावी लागली.

तर आज्जीनं विचारलेला प्रश्न असा होता, की एवढी माणसं राबतात तर त्यांचं काम मोजतो कोण आणि मोजताना कापतो कोण. डिस्टोपियन पिक्चर समजून घ्यायला माझ्या मते हाच प्रश्न पुरतो, म्हणून हा लेख.

आधी शब्द बघू. १५१६ मध्ये थॉमस मोर नावाच्या इंग्रज माणसानं युटोपिया नावाचं पुस्तक लिहिलं, एका छान बेटाचं वर्णन, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी 'नसलेली जागा'. डिस्टोपिया त्याच्या उलट, वाईट जागा. हा शब्द गाजवला त्यात जॉन स्टुअर्ट मिल हे मोठं नाव, १८६८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बोलताना त्यानं तो वापरला आणि विषय होता आयर्लंडमधल्या जमिनी. म्हणजे जमीन कुणाची आणि राज्य कुणाचं, हे भांडण या शब्दाला पहिल्यापासून चिकटलेलं आहे, रोबोट आणि उडत्या गाड्या मागाहून आल्या.

आता हे पिक्चर नेमकं करतात काय? रोज ज्या घरात आपण राहतो त्याची भिंत तडकलेली आपल्याला दिसत नाही, पण कुणीतरी घराचा फोटो काढून दाखवला की पहिली नजर त्या तड्यावरच जाते. तसंच आहे. ओळखीची गोष्ट थोडी लांब नेऊन, वेगळे कपडे घालून, पुढची तारीख टाकून दाखवायची म्हणजे ती नव्यानं दिसते. शे-दोनशे वर्षांनंतरचं म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा कुठंतरी कुणाच्या तरी बाबतीत घडून गेलेलं असतं नाहीतर आत्ता घडत असतं. तारीख तेवढी बदललेली असते, आणि एक गोष्ट बदललेली असते, ती म्हणजे पाळी कुणाची. जे गरिबाच्या, परक्याच्या वाट्याला आलं होतं ते आता हिरोच्या वाट्याला येतं, आणि थेटरात बसलेला माणूस हिरोच्या जागी स्वतःला बघत असतो म्हणून त्याला पहिल्यांदा घाबरायला होतं.

याचा सगळ्यात उघड पुरावा शूटिंगच्या जागेत सापडतो. एलिझियम (२०१३) या पिक्चरमध्ये २१५४ साल आहे, श्रीमंत लोक अंतराळातल्या एका हिरव्यागार चक्रावर राहतात, तिथं कॅन्सर मिनिटात बरा करणारी मशीनं घरोघरी आहेत, आणि बाकीचे सगळे खाली धुळीत. ती धूळ, तो कचऱ्याचा डोंगर, तो सेट नव्हता, मेक्सिको सिटीतल्या खऱ्या कचरा डेपोत शूटिंग केलेलं आहे. म्हणजे २१५४ ची गरिबी दाखवायला कल्पनाशक्ती लागलीच नाही, कॅमेरा घेऊन जायचं तेवढं काम होतं. त्याच दिग्दर्शकाचा, नील ब्लोमकॅम्पचा, डिस्ट्रिक्ट ९ (२००९) तर जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोमधल्या खऱ्या पत्र्याच्या झोपड्यांत केलेला, जिथली माणसं तेव्हा दुसरीकडं हलवली जात होती.

डिस्ट्रिक्ट ९ वर थोडं थांबतो. परग्रहावरचे जीव येऊन अडकलेत, त्यांना कुंपणात ठेवलंय, आणि आता त्यांना तिथूनही उठवायचंय, तर कंपनीचा एक कारकून दारोदार जाऊन त्यांच्याकडून नोटिशीवर सही घेत फिरतो. सही कशावर करतोय हे त्या जिवांना कळत नाही, पण सही लागतेच, कारण सगळं कायद्यानं चाललंय. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची खरी वस्ती होती. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याखाली १९६६ मध्ये ती फक्त गोऱ्यांसाठी म्हणून जाहीर केली आणि पुढं साठ हजारांच्या आसपास लोकांना तिथून उठवून लांब माळरानावर नेऊन टाकलं, घरं पाडली. नावातला आकडा बदलला की पिक्चर.

कागदाचा विषय निघालाच आहे तर ब्राझील सांगायलाच पाहिजे, टेरी गिलियमचा, १९८५ चा, मला या सगळ्यात सगळ्यात जास्त भिडलेला. नावात ब्राझील आहे पण त्या देशाशी काही संबंध नाही. एका सरकारी ऑफिसात एक माणूस किडा मारतो, तो किडा छपाईच्या मशीनमध्ये पडतो आणि टटल या नावाच्या जागी बटल छापलं जातं. एका अक्षराचा फरक. रात्री पोलीस छत फोडून भलत्याच माणसाला उचलून नेतात, आणि नेताना त्याच्या बायकोकडून पावतीवर सही घेतात. माणूस चौकशीत मरतो. पुढं लक्षात येतं की चौकशीचा खर्च चुकीच्या खात्यातून वसूल झालाय, त्या राज्यात चौकशीचे पैसे पण चौकशी होणाऱ्याकडूनच घेतात, मग जास्तीचे पैसे परत करायला हिरो चेक घेऊन त्या बाईच्या घरी जातो. ती चेककडं बघत पण नाही, नवऱ्याचं शव कुठाय ते विचारते. हिरोकडं त्याचं उत्तर नसतं कारण ते त्याच्या खात्याचं काम नाही.

हा सीन बघताना मला आज्जीची पेन्शन आठवली. एका कागदावर तिच्या नावाला 'बाई' लागलेलं, दुसऱ्यावर 'व्वा', तिसऱ्यावर नुसतंच नाव. सीमाभागात हे घरोघरी आहे, मराठी तोंडातनं निघालेलं नाव कन्नडमध्ये लिहिलं जातं, मग तिथनं इंग्रजीत टाईप होतं आणि परत फिरून येताना ओळखू येत नाही. सात महिने पैसे आले नाहीत. एका ऑफिसातनं दुसऱ्या ऑफिसात, तिथला माणूस म्हणणार कॉम्प्युटरात नाव जुळत नाही, आणि त्याचं खरंच होतं, नव्हतं जुळत. आज्जी त्याच्यासमोर उभी होती, हाडामासाची, पण तिचं ती असणं कागदानं मान्य केलेलं नव्हतं. फॉर्म कन्नडमधला. आज्जीला मराठी पण वाचता येत नाही आणि कन्नड पण नाही, बोलायला दोन्ही येतात, पण मराठीत असता तर मी वाचून दाखवला असता, माझी शाळा मराठीत झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून इथं मराठीतनं कागद मिळावेत म्हणून लोक भांडतायत, त्याचं राजकारण सगळ्यांना माहीत आहे, पण त्या मागणीच्या बुडाशी ही इतकी साधी गोष्ट आहे, की आपल्याबद्दल काय लिहिलंय ते माणसाला वाचता आलं पाहिजे. आणि हे पण लिहितो, त्या रांगेत आज्जीच्या मागं उभी असलेली बाई कन्नड बोलणारी होती, फॉर्म तिच्या भाषेतला होता, तरी तिच्या नावातही एक अक्षर चुकलं होतं आणि ती पण चौथ्यांदा आली होती.

चौथ्यांदा येणं म्हणजे काय ते इन टाइम (२०११) या पिक्चरमध्ये नीट दाखवलंय. पिक्चर म्हणून फार ग्रेट नाही, दुसऱ्या अर्ध्यात नुसती पळापळ आहे, पण कल्पना पक्की आहे. तिथं पैसा नाही, वेळ हाच पैसा. प्रत्येकाच्या हातावर आकडे चमकतात, किती आयुष्य शिल्लक ते. पगार तासांत, चहापाणी मिनिटांत, आकडा शून्य झाला की माणूस जागेवर पडतो. श्रीमंतांकडं शेकडो वर्षं साठलेली, गरिबाच्या हातावर उद्या सकाळपुरतं. हिरोची आई बसमध्ये चढते, भाडं कालपर्यंत एक तास होतं, आज दोन तास झालंय, आणि तिच्या हातावर दीड तास आहे. ड्रायव्हर चढू देत नाही. ती पळत सुटते, आणि पोराच्या मिठीत येता येता आकडा संपतो.

आमच्याकडं हे पाण्याच्या दिवसाला बघायला मिळतं. बेळगावला राकसकोपचं आणि हिडकलचं पाणी येतं. २००८ मध्ये शहरातल्या काही ठरावीक वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, डेमो म्हणून, तसंच हुबळी-धारवाडला आणि गुलबर्ग्याला पण. योजना चांगली होती, तिच्यावर माझं म्हणणं नाही, पण त्यानंतरची कितीतरी वर्षं एकाच गावात एका गल्लीत तोटी कधीही उघडा पाणी आणि दुसऱ्या गल्लीत काही दिवसाआड. ज्या गल्लीत दिवसाआड, तिथं पाण्याच्या दिवशी घरातल्या एका माणसाचा रोज बुडतो, बहुतेक वेळा बाईचाच. बेळगावातल्याच वडगावात, शहापुरात मागावर काम करणाऱ्या घरात जाऊन बघा, पाणी कधी सुटेल सांगता येत नाही म्हणून बाई घागरी मांडून थांबलेली असते आणि तेवढा वेळ माग बंद. पाणीपट्टीच्या बिलात हा वेळ कुठंच दिसत नाही. कॉर्पोरेशनचं पाणी तिला स्वस्त पडतं असं कागदावर वाटतं पण ती हातावरचे तास देऊन ते विकत घेते.

मॅड मॅक्स फ्युरी रोड (२०१५) मध्ये टेकडीवर बसलेला एक सरदार खालच्या तहानलेल्या गर्दीवर काही क्षण पाणी सोडतो, लगेच बंद करतो, आणि वर सांगतो की पाण्याची सवय लावून घेऊ नका. आपल्याकडच्या कल्की २८९८ एडी (२०२४) मध्ये तर उलट्या पिरॅमिडसारखं अधांतरी लटकलेलं कॉम्प्लेक्स आहे, पाणी, झाडं, फळं सगळं वर, खाली कोरडी काशी, आणि वर जायचं असेल तर दहा लाख युनिट जमवा. पोरांना हा पिक्चर त्यातल्या मारामारीसाठी आवडला, मला ते तिकिटाचं गणित आवडलं, कारण त्यात हिरो पण शेवटपर्यंत व्यवस्था मोडायचं बघत नाही, आपल्याला एकट्याला वर कसं जाता येईल एवढंच बघतो, आणि आपण सगळे बऱ्यापैकी तसेच आहोत.

बुडालेली शहरं पण या पिक्चरमध्ये खूप असतात, पाण्याखाली गेलेले पुतळे, इमारती. हिडकलच्या धरणात गावं गेली, हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ पाणी उतरलं की बाहेर येतं, लोक बघायला जातात, फोटो काढतात. त्या देवळात ज्यांची लग्नं लागली ती माणसं अजून आहेत.

आता मायनॉरिटी रिपोर्ट (२००२). साल २०५४, वॉशिंग्टन, पोलिसांकडं अशी सोय आहे की खून व्हायच्या आधीच कळतं कोण करणार, त्यामुळं गुन्हा न करताच माणूस आत. बघताना वाटतं बापरे, असं झालं तर? अहो, ब्रिटिशांनी १८७१ मध्येच केला होता हा कायदा, गुन्हेगार जमाती कायदा. अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, पोर जन्मलं की ते पण. पोलिसात नोंद, हजेरी, गाव सोडायला परवानगी. पारधी, कैकाडी, भामटा, मांग गारुडी अशा लोकांना सोलापूरला, हुबळीला तारेच्या कुंपणात ठेवलं, त्या भागाला अजून सेटलमेंट म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण आजही गावात चोरी झाली की पहिली गाडी कुणाच्या पालावर जाते ते सांगायला नको. त्या पिक्चरमध्ये भविष्य बघणारे तीन जण पाण्याच्या हौदात झोपलेले दाखवलेत, आपल्याकडं त्यांची गरज पडली नाही, आडनाव पुरलं.

इथं माझी एक तक्रार आहे आणि ती मनापासून आहे. या पिक्चरनी दुसऱ्यांचं दुःख उचललं, पण ज्यांचं होतं त्यांना बहुतेक वेळा बाहेरच ठेवलं. आडनावावरून पकडली गेलेली पिढी खरी, पिक्चरमध्ये मात्र पळतो टॉम क्रूझ. डिस्ट्रिक्ट ९ मध्ये वस्तीतून उठवणं किती वाईट हे इतकं चांगलं दाखवलं आणि त्याच पिक्चरमध्ये नायजेरियन माणसं गुंड, माणसं खाणारी अशी दाखवली, २००९ मध्ये नायजेरिया सरकारनं त्यावर आक्षेप घेतला आणि तिथल्या थेटरांना तो काढायला लावला. मेट्रोपोलिस मजुरांची गोष्ट सांगतो, पण त्यातल्या पुराच्या सीनसाठी बर्लिनच्या गरीब वस्त्यांतली शेकडो मुलं आणून दिवसच्या दिवस गार पाण्यात उभी केली होती. त्यांची छाट कुणी काढली म्हणायची?

दुसरं म्हणजे शेवट. एलिझियममध्ये शेवटी कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो आणि पृथ्वीवरचे सगळे नागरिक होतात, एका बटणात. खऱ्या जगात यादीत नाव यायला सात महिने लागतात ते मी वर सांगितलंच. तरी मी हे पिक्चर टाकाऊ म्हणणार नाही, कारण बघणारी माणसं त्यातनं त्यांना पाहिजे ते घेतात. हंगर गेम्समध्ये तीन बोटं वर करून सलाम करतात, २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्करानं सत्ता घेतली तेव्हा तिथली पोरं रस्त्यावर तीच तीन बोटं वर करून उभी राहिली, पोलिसांनी त्यासाठी माणसं पकडली, आणि २०२१ मध्ये म्यानमारमध्ये परत तेच. पिक्चर काढणाऱ्यानं हे काही ठरवलेलं नव्हतं.

आज्जीनं त्या रात्री मेट्रोपोलिस पूर्ण बघितला, अडीच तास, मधे एकदा फक्त पाणी प्यायला उठली. शेवटी मालक आणि मजुरांचा मुकादम एकमेकांच्या हातात हात देतात, मधे मालकाचा पोरगा उभा राहून ते जुळवून देतो, आणि पिक्चर संपतो. हा शेवट पुढं खुद्द लांगला पण पटेनासा झाला होता. आज्जी म्हणाली, "हात दिला, बरं झालं. हजारी वाढवून दिला काय?"

हजारी म्हणजे हजार बिड्यांचा दर. मी म्हटलं ते दाखवलेलं नाही. मग तीच सांगायला लागली, की त्यांच्या वेळी बायका आधी सगळ्या मिळून छाट मोजायला बसल्या होत्या, कुणाच्या किती काढल्या, रोजच्या रोज, ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या सुतळीला गाठी मारून ठेवायच्या. १९८१ ला तंबाखूच्या शेतकऱ्यांनी निपाणीत हायवे अडवला होता, ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं मेली, ते सगळं तिनं बघितलेलं, त्यामुळं बायका घाबरल्या होत्या, घरचे पाठवत नव्हते. तरी गाठी मारलेल्या सुतळ्या घेऊन त्या गेल्या. मराठी बोलणाऱ्या, कन्नड बोलणाऱ्या, मुसलमान, सगळ्याच. एकीची सुतळी आज्जीनं बरीच वर्षं ट्रंकेत ठेवली होती, ती बाई वारल्यावर तिच्या पोरीला नेऊन दिली. त्या सुतळीला किती गाठी होत्या ते आज्जीला आजही पाठ आहे.